तेवढ्यात

पाककृती लिहिणाऱ्यांच्या हाती 'तेवढ्यात' हा शब्द कुणी दिला, त्याला मी शोधतोय. 'एका बाजूला पास्त्याचं पाणी उकळत ठेवा, तेवढ्यात स्टेक भाजून घ्या, तेवढ्यात क्रीमचा सॉस करा.' वाचताना कसं पाण्यासारखं सोपं वाटतं! लिहिणाऱ्याला एकतर चार हात असावेत, नाहीतर त्याने हे कधी करून बघितलेलं नसावं.

बायकोला म्हटलं, "आज तू स्वयंपाकघरात फिरकायचं नाही. अर्ध्या तासात पान वाढतो." ती "बरं" म्हणाली. तो 'बरं' कसा असतो ते संसारी माणसांना वेगळं सांगायला नको.

'स्टेक आधी टिपून कोरडा करा' ही सूचना मी सोडून दिली. मांस काय अंघोळ करून आलंय? निघालं तसंच. पॅनमध्ये पडल्या पडल्या त्याने पाणी सोडलं आणि भाजायचं सोडून ते उकडायला लागलं. पाणी आहे तोवर वरचा थर १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि तो खमंग तपकिरी रंग चढायला साधारण १४० तरी लागतात. त्या रंगामागची रासायनिक क्रिया मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडली. मी ती आमच्या ओट्यावर थांबवून दाखवली.

मग गॅस मोठा केला आणि वर लोण्याचा गोळा सोडला. लोण्यातला दुधाचा अंश किती चटकन जळतो हे धूर डोळ्यांत गेल्यावर समजलं. छतावरचा धुराचा भोंगा कोकलायला लागला. मी खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालतोय, तेवढ्यात (बघा, आला!) पास्ता उतू गेला.

बाहेरून आवाज आला, "काही हवंय का?"

"काऽही नकोय!"

पास्त्याचं थोडं पाणी बाजूला काढायचं असतं. त्यातल्या स्टार्चने सॉस मिळून येतो. हे मला पाठ होतं, त्यासाठी सिंकशेजारी एक कप मांडूनही ठेवला होता. चाळणीत पास्ता ओतला, ते पांढरट, दाटसर पाणी गुळगुळ करत भोकातून गेलं, आणि शेवटचा थेंब जाताना माझी नजर कपाकडे गेली. कोरडा ठणठणीत.

मग सॉस कशाच्या जोरावर मिळून येणार? रटरटत्या क्रीममध्ये चीज टाकलं, तर ते विरघळायचं सोडून एकमेकांना मिठ्या मारत बसलं. चमच्याभोवती चेंडूएवढा चिवट गोळा तयार झाला. चमचा उचलला की तारा निघायच्या, पॅनपासून थेट माझ्या बाहीपर्यंत. चीज आच बंद करून घालायचं असतं. ही ओळ पाककृतीत होती, पण दुसऱ्या पानावर.

स्टेक आतून ५५ अंशांवर उतरवायचा आणि पाचेक मिनिटं तसाच ठेवायचा, तो आतल्या आत आणखी थोडा शिजतो. थर्मामीटर घरात होता, पण तापाचा. म्हणून कापून बघितला. कच्चा. परत टाकला. परत कापला. अजून गुलाबीच. असं चार वेळा केल्यावर एक फायदा झाला, वाढताना वेगळे काप करावे लागले नाहीत.

अर्ध्या तासाचे पावणेदोन तास झाले तेव्हा ताटं टेबलावर आली. पास्ता एव्हाना एका वडीत थिजला होता. मी तो सुरीने कापून वाढला. बायको एक शब्द बोलली नाही. शांतपणे जेवली, चीजचा गोळा कडेला ठेवला, पाणी प्यायली. मग उठून सिंकमध्ये डोकावली. तीन पॅन, दोन पातेली, चाळणी, किसणी, आणि तो न वापरलेला कप, तोही कशाने तरी बरबटलेला.

"छान होतं," ती म्हणाली. "मी जरा पडते. तेवढ्यात भांडी घासून टाक."