किरकोळ खर्च वेगळा

आमच्या घरी येणारी तूरडाळ अख्ख्या सोसायटीत सगळ्यात स्वस्त असते. हे मी नाही सांगत, अप्पा सांगतात, लिफ्टमध्ये, जिन्यात, पार्किंगमध्ये, ज्यानं विचारलं त्याला आणि ज्यानं नाही विचारलं त्याला तर जास्तच. अप्पा म्हणजे माझे सासरे. बँकेतून रिटायर झाले, काही दिवस पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला, गॅलरीतल्या कुंड्या उकरून उकरून दोन मोगरे मारले आणि मग त्यांची नजर पडली किराण्यावर. तोपर्यंत आमचा किराणा कसा यायचा, तर आई म्हणजे सासूबाई खालच्या वाण्याला फोन करायच्या, तो पोराला पाठवायचा, पोरगा हिंग विसरायचा, परत जाऊन आणायचा, विषय संपला. अप्पांनी एकदा त्याचं बिल चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "शेंगदाणे एवढ्याला? हा आपल्याला लुटतोय." झालं. तिथून पुढे आमच्या घरात शांतता म्हणून नाही.

अप्पांची एक डायरी आहे, कुठल्याशा पतसंस्थेनं फुकट दिलेली. त्यात खाती पाडलेली आहेत. किराणा, प्रवास, औषधपाणी, भांडीकुंडी, सणवार आणि शेवटी किरकोळ. जन्म डेबिट-क्रेडिटमध्ये गेलेला माणूस, एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. आता गंमत बघा. पासावर पीएमटीनं मार्केट यार्डला जायचं, भुसार विभागात चार गाळे हिंडायचे, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, पोहे असं सगळं घ्यायचं आणि एवढं ओझं घेऊन बसमध्ये चढता येत नाही म्हणून कोथरूडपर्यंत रिक्षानं यायचं. रिक्षा कुठल्या खात्यात? प्रवास. तिथे गेल्यावर भूक लागते म्हणून मिसळ आणि दोन चहा. किरकोळ. गाळ्यापासून रस्त्यापर्यंत पोती आणून देणाऱ्या हमालाचे पैसे. तेही किरकोळ. दुसऱ्या दिवशी कंबर धरली म्हणून मलम आणि पट्टा. औषधपाणी. आणि महिनाअखेरीला किराण्याच्या पानावर लाल पेनानं अधोरेखित केलेला बचतीचा आकडा. तो आकडा खरा आहे हो, त्याबद्दल वादच नाही, फक्त बाकीची पानं उलटायची नाहीत.

मी एकदाच विचारलं होतं, अप्पा, रिक्षा किराण्यात नको का धरायला. तर म्हणाले, "अगं, रिक्षात मी पण बसलेलो होतो ना?" यावर काय बोलणार.

सगळ्यात मोठा पराक्रम तांदळाचा. २०२२ च्या जुलैत सरकारनं पॅकबंद लेबलवाल्या धान्यावर, डाळींवर पाच टक्के जीएसटी लावला, आधी तो फक्त ब्रँडवाल्यांना होता. पण त्यात एक मेख होती, हा कर २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला, त्याच्या वरच्या पोत्याला नाही. व्यापाऱ्यांच्या हे आधी लक्षात आलं आणि त्यांच्या पाठोपाठ अप्पांच्या. म्हणून आमच्याकडे मावळातल्या इंद्रायणीचा ३० किलोचा कट्टा आला. म्हणजे सरकारला पाच टक्के द्यायचे नाहीत म्हणून आम्ही पाच किलो तांदूळ जास्त घेतला. बरं तांदूळ नवा, कारण जुन्यापेक्षा नवा स्वस्त. नव्या इंद्रायणीचा मूळ स्वभावच गळ्यात पडणारा, त्यामुळे नंतर कितीतरी दिवस आमच्याकडे पुलाव, मसालेभात, दहीभात, फोडणीचा भात अशी नावं वेगवेगळी पण ताटात येताना सगळ्यांचा मऊभातच. लेक म्हणाली, आजी, मी आजारी आहे का? मग आईंनी तांदूळ संपवायची मोहीम काढली. घावन, उकड, तांदळाची भाकरी, धिरडी, शेवटी पापड्या. पापड्या तळायला तेल. तेल अर्थात किराण्यातच धरावं लागलं, तेवढा महिना अप्पा जरा गप्प होते.

गव्हाचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात वर्षाचा सिहोर भरायचा म्हणजे भरायचा, मग तो गच्चीवर वाळवायचा, चाळायचा, एरंडेलाचा हात फिरवायचा, कडुलिंबाचा पाला घालायचा आणि नव्या स्टीलच्या कोठीत (खातं: भांडीकुंडी) दाबून भरायचा. एवढं करून ऐन श्रावणात पोरकिडे झाले. आई कोठीचं झाकण उघडून नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यांना पण स्वस्त पडला वाटतं." त्यानंतर रोज जेवणं झाली की एक चाळण मी, एक चाळण आई.

पण अप्पांना हसताना मला मधेच अडखळायला होतं. बहात्तरच्या दुष्काळात हा माणूस दहा वर्षांचा होता, रेशनच्या रांगेत आईचा पदर धरून उभा राहिलेला आणि अमेरिकेतून आलेल्या त्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेला. त्या भाकरीची चव ते अजून सांगतात, म्हणजे तोंड वाकडं करून दाखवतात. त्यात पुन्हा २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती ते आहेच. कोठी भरलेली असली की त्यांना झोप लागते. आम्हाला लागत नाही, कारण ती कोठी आमच्या बेडरूममध्ये आहे, पण ते असो.

सुपरमार्केटमध्ये अप्पांना घेऊन जाणं हा वेगळाच प्रकार. खिशात भिंग असतं. हल्ली पाकिटावर एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात ग्रॅमला किंवा मिलिलिटरला काय भाव पडतो ते छापलेलं असतं, तो आकडा इतका बारीक असतो की तो वाचला जाऊ नये अशीच कोणाची तरी इच्छा असावी. अप्पा तो वाचतात. प्रत्येक पाकिटाचा. मोठ्यानं. मी ट्रॉली धरून उभी, मागे माणसं तुंबलेली, कोणीतरी एक्सक्यूज मी म्हणतंय, आणि अप्पा दोन तेलाच्या पिशव्या दोन हातात धरून काट्यासारखे उभे. "ही बघ दीडशेची आणि ही १४२ ची. कुठली घेशील?" मी म्हणलं १४२ ची. "फसलीस!" हे इतक्या जोरात की बिस्किटांच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. मग समजावणं सुरू. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. दीडशेवाल्या पिशवीवर ९१० लिहिलेलं. १४२ वालीवर ८५०. पिशवी दिसायला तेवढीच, चित्रातलं सूर्यफूल तर जरा मोठंच. हिशोबानं ८५० ग्रॅमचे १४० व्हायला हवेत, म्हणजे जी स्वस्त दिसते तीच दोन रुपयांनी महाग. पूर्वी तेल, बिस्किटं, चहा असल्या वस्तूंची पाकिटं ठरलेल्या वजनाचीच काढावी लागायची, २०२२ ला ती सक्ती गेली आणि तेव्हापासून पाव किलो, अर्धा किलो असं सरळ वजन दिसलं की मलाच संशय येतो.

इथे अप्पा शंभर टक्के बरोबर आहेत, आणि हे मी त्यांच्यासमोर कधीही कबूल करणार नाही.

तर ते भिंग, ती डायरी, पांढरा शर्ट आणि पेन बघून तिथल्या पोराला वाटलं वजनमापं खात्याचे साहेब आलेत. तो पळत आत गेला आणि एक टायवाला माणूस पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला, सर काही प्रॉब्लेम आहे का, बसा ना. अप्पा बसले. पाणी प्यायले. आणि त्यालाच विचारलं, शांपूची ही मोठी बाटली मिलिलिटरला जेवढ्याला पडते त्याच्यापेक्षा तुमची दोन रुपयांची पुडी स्वस्त कशी पडते? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण तेव्हापासून आमच्या बाथरूममध्ये खिडकीवर पुड्यांची माळ लटकते आणि डोळ्यात फेस असताना दातानं पुडी फाडायची कला घरातल्या सगळ्यांना यायला लागलीये. पाहुण्यांना नाही येत. पाहुणे ओरडतात.

खालच्या वाण्याशी मात्र अप्पांचं अजून बोलणं आहे, कारण मीठ संपलं की मार्केट यार्डला जाता येत नाही. फक्त जाताना ते त्याला कायदा शिकवतात. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, त्याच्या खाली विकायला तुला कोणी अडवलेलं नाही. तो बिचारा पुडा बांधता बांधता म्हणतो, "काका, एमआरपीला विकायला पण कोणी नाही अडवलं." मग दोघंही हसतात आणि मीठ एमआरपीलाच येतं.

भाजीचं तंत्र आणखी निराळं. भाजी घ्यायची ती रात्री, भाजीवाले आवराआवर करायला लागल्यावर, कारण तेव्हा जुडी दहाला असेल ती दहाला तीन मिळते. मिळते ना, नक्की मिळते. पण पालेभाजी कोमेजायच्या आत निवडावी लागते आणि ती निवडायला पेन्शनर बसत नाहीत. अमेरिकेच्या टीमबरोबर कॉल चालू आहे, मी म्यूटवर, कॅमेरा बंद आणि मांडीवर पेपर पसरून मेथी निवडतेय असं कित्येकदा झालंय. एकदा कोणीतरी माझं नाव घेतलं, मी घाईत अनम्यूट केलं आणि नेमकं त्याच वेळी अप्पा आतून ओरडले, "देठं टाकू नकोस गं, सूप होतं त्याचं!" पलीकडून कोणीतरी विचारलं, व्हॉट डिड ही से? मी म्हणलं, फॅमिली इनपुट.

नवरा या सगळ्यात कुठे आहे असं विचाराल तर तो बाबांच्या बाजूनं आहे, तोंडानं. प्रत्यक्षात तो आणि लेक मिळून दहा मिनिटात घरपोच देणाऱ्या ॲपवरून चोरून मागवतात. त्यातही वेगळी बचत असते. एकशे साठचं सामान झालं की डिलिव्हरीचे पैसे पडतात आणि १९९ चं केलं की फुकट, मग ते वाचवायला चाळीस रुपयांचे वेफर्स. डिलिव्हरीवाल्याला सांगून ठेवलेलं असतं बेल वाजवू नका म्हणून. अप्पा गॅलरीतून बघतात, कळतं त्यांना सगळं, बोलत काही नाहीत. फक्त वेफर्सचं पाकीट नंतर कचऱ्यात सापडलं की ग्रॅमचा भाव वाचून दाखवतात.

आणि आता टूथपेस्टचं. पंधरा ऑगस्टला दुकानांमध्ये सेल असतात हे अप्पांच्या डायरीत आधीपासून लिहिलेलं. २०२५ च्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकून ते थेट रांगेत. टूथपेस्ट एकावर एक फ्री, साबणाचे चारचे पुडे, खोबरेल तेल. सगळं वर्षाचं. आम्ही दोघींनी मिळून मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला, माळा भरला आणि उरलेलं दिवाणात गेलं. आता झालं असं होतं की त्याच दिवशी सकाळी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सांगून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. अप्पा त्या वेळेला पिशव्यांच्या घड्या घालत होते, भाषण ऐकलंच नाही. पुढे सप्टेंबरच्या सुरुवातीला नक्की झालं आणि २२ तारखेपासून साबण, टूथपेस्ट, शांपू, केसांचं तेल सगळं अठरावरून थेट पाचवर.

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. डायरीत नुसतं लिहिलं होतं, ११८ चे १०५. त्याच्याखाली दोन रेघा. मी समजूत घालायला गेले की अहो अप्पा, तुम्हाला एकावर एक फुकट मिळालीये, म्हणजे नव्या भावापेक्षाही तुम्हाला स्वस्तच पडली. माझ्याकडे असे बघितले की जणू मी बँकेत पहिल्या दिवशी आलेली ट्रेनी. "थांबलो असतो तर ऑफरही मिळाली असती आणि जीएसटीही वाचला असता." बरं ऑफर मिळाली असती हे कशावरून, तर ती दिवाळीत असतेच. आई आतून म्हणाल्या, "आणि तोपर्यंत राखुंडीनं घासले असते."

माळ्यावरचा तो ढीग मात्र अप्पांच्या डोळ्यांसमोर नको झाला होता. दिवाळीत आम्ही फराळाचे डबे भरत होतो, अप्पा मुकाट्यानं शिडी घेऊन आले, वर चढले आणि प्रत्येक डब्याच्या पिशवीत एकेक टूथपेस्ट ठेवायला लागले. चिवडा, चकली, शंकरपाळे, टूथपेस्ट. आई म्हणाल्या, अहो लोक काय म्हणतील, अप्पा म्हणाले उपयोगी वस्तू आहे, सुकामेवा काय कोणीही देतं. डायरीत ती सगळी रक्कम किराण्यातून वजा होऊन सणवारमध्ये गेली आणि ऑक्टोबरची बचत आजवरची सगळ्यात जास्त निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नणंदेचा फोन. "वहिनी, खरं सांग हं, वाईट नाही वाटून घेणार. चकल्या कडक झाल्यात का?"