निष्ठा वगैरे सोडा, पोराने आधी डिग्री घेतली

आमच्या ह्यूस्टनच्या पूर्वेला शिप चॅनल आहे. त्याच्या काठाने नुसत्या रिफायनऱ्या आणि तेलाच्या टाक्या. तिथल्या चॅनलव्ह्यू हायस्कूलमधल्या एका पोराची गोष्ट इथे जो तो सांगतो, आणि माझ्या मते बहुतेक जण चुकीची सांगतात. जेलन हर्ट्स. बाप शाळेचा फुटबॉल कोच, पोरगा त्याच टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळी चालवणारा, पास टाकणारा. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात धरून पळायचा. इतकी वर्षं इथे राहून मीही आता त्यालाच फुटबॉल म्हणतो, पुण्याचे मित्र चिडतात.)

सांगतात ती गोष्ट अशी: बिचाऱ्याला भर सामन्यात बसवलं, त्याने ब्र काढला नाही, निष्ठेने थांबला, सबुरीचं फळ मिळालं. सकाळी सातला व्हॉट्सअ‍ॅपवर येते तशी.

2016 साली हा अठराव्या वर्षी अलाबामा विद्यापीठात गेला. कोच निक सेबनची टीम, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधलं सगळ्यात वजनदार नाव. पहिल्या सामन्यात, सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध, हा मैदानात आला आणि पहिल्याच खेळीत चेंडू हातातून सुटला, गेला समोरच्यांकडे. तरी सामना 52-6 ने जिंकले आणि पुढच्या आठवड्यापासून सुरुवातीचा क्वार्टरबॅक हाच. अलाबामाने नुकत्याच आलेल्या पोराला ही जागा द्यायची वेळ 32 वर्षांनी आली होती. त्या मोसमात फायनलपर्यंत हरले नाहीत. फायनलमध्ये दोन मिनिटं उरली असताना याने स्वतः 30 यार्ड पळून आघाडी मिळवून दिली, आणि समोरच्या क्लेमसनचा क्वार्टरबॅक डिशॉन वॉटसनने एक सेकंद बाकी ठेवून ती हिसकावली. 35-31.

पुढच्या वर्षी परत फायनल. 8 जानेवारी 2018, अटलांटा, समोर जॉर्जिया. आम्ही घरी बघत होतो. हाफटाइमला 0-13, हर्ट्सचे आठपैकी तीन पास पोचलेले, मिळून 21 यार्ड. दुसऱ्या हाफला मैदानात आला टुआ टॅगोवायलोआ, त्याच वर्षी कॉलेजात आलेला. मी बायकोला समजावत होतो काय झालं ते. ती म्हणाली, "म्हणजे लंचला कॅप्टनला सांगायचं, पॅड काढ?" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. क्वार्टरबॅकची जागा विकेटकीपरसारखी, एकच. कीपरला निदान नुसता फलंदाज म्हणून तरी खेळवतात, इथे तीही सोय नाही. टुआने ओव्हरटाइममध्ये डेव्होन्टा स्मिथला 41 यार्डांचा पास टाकला, 26-23, आणि 26 सामने जिंकून दोनच हरलेला क्वार्टरबॅक कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता.

आता तो 'ब्र न काढण्याचा' भाग. साफ खोटं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पत्रकारांना सरळ सांगितलं की इतक्या महिन्यांत तुला काय वाटतंय हे कोणी येऊन विचारलं नाही, कोचसुद्धा नाहीत. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने सेबनच्या राज्यात हे बोलायचं म्हणजे छाती लागते. तरी हे वाक्य सुविचारवाले गाळतात.

आणि निष्ठा? तेव्हाचा नियम बघा. डिग्री न घेता कॉलेज बदललं तर साधारणपणे एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. डिग्री हातात असेल तर नव्या कॉलेजात लगेच खेळता यायचं. हर्ट्सने डिसेंबर 2018 मध्ये, म्हणजे तीन वर्षांत, डिग्री पूर्ण केली. रोजचा सराव करून. क्लेमसनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंटने त्याच सप्टेंबरमध्ये जागा गेल्यावर चार सामन्यांनंतर टीम सोडली, कारण चारच सामने खेळलं तर ते वर्ष खेळायच्या ठरलेल्या वर्षांत धरत नाहीत असा नियम नुकताच आला होता. त्याला लोकांनी पळपुटा म्हटलं. मला दोघंही शहाणे वाटतात. एकाने वर्ष वाचवलं, दुसऱ्याने डिग्री कमावली. कॉलेजला जर हाफटाइमला हिशेब करता येतो तर पोराने का करू नये?

त्याच वर्षी 1 डिसेंबरला मात्र जे झालं त्याला माझ्याकडे हिशेब नाही. तेच अटलांटाचं स्टेडियम, तोच जॉर्जिया, या वेळी टुआचा पाय दुखावला. 21-28 ने मागे असताना हर्ट्स आला, जेरी ज्युडीला पास टाकून बरोबरी केली, मग स्वतः 15 यार्ड पळत गेला. 35-28. मी सोफ्यावरून उठलो होतो, गुडघ्याला टेबल लागलं.

जानेवारीत तो ओक्लाहोमाला गेला. तिथेच का? कारण लिंकन रायलीच्या हाताखालचे दोन क्वार्टरबॅक, बेकर मेफिल्ड आणि कायलर मरी, लागोपाठ हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेले होते, आणि दोघंही दुसऱ्या कॉलेजातून आलेले. 2019 मध्ये हर्ट्सने 3,851 यार्डांचे पास टाकले, 1,298 यार्ड पळाला आणि हाइजमनच्या मतदानात दुसरा आला. पहिला जो बरो, ओहायो स्टेटमध्ये बाकावर बसून, डिग्री घेऊन लुइझियानाला गेलेला. तिसरा जस्टिन फील्ड्स, जॉर्जिया सोडून आलेला. पहिले तिन्ही घर बदललेले! आपल्याकडे चाळिशीतल्या माणसाने नोकरी बदलली तरी 'टिकत नाही हो कुठे' म्हणतात.

सेमीफायनलला नशिबाने परत तेच स्टेडियम दिलं आणि बरोच्या टीमने 63-28 असं धुतलं. सुविचारात हेही नसतं. व्यावसायिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम पाळीपाळीने कॉलेजातली पोरं निवडतात त्यात, टुआ पाचवा गेला, हा त्रेपन्नावा.

फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलची फायनल, लावला होता. फिलाडेल्फियाच्या हर्ट्सने 46 यार्डांचा पास टाकला, झेलला डेव्होन्टा स्मिथनेच, तोच अटलांटाचा. 40-22 ने जिंकले, सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू हर्ट्स. बायको स्वयंपाकघरातून डोकावली. "हा तोच ना, पॅड काढायला लावलेला?"

म्हटलं, तोच.

"डिग्री कसली घेतली होती?" आणि ते मला अजून शोधायचंय.