‘पोट भरलं की उपदेश सुचतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक वाचक,

पैसे न देता नेटवरून गाणी आणि गेम उतरवणं ही चोरीच, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते तीनदा वाचलं. दोनदा रागानं, एकदा शांतपणे. तिसऱ्यांदाही फारसा फरक पडला नाही.

आधी चूक कबूल करतो. नॅप्स्टर, म्हणजे नेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायची सोय, १९९९ साली सुरू झालं. मी २००१ लिहिलं होतं, ते बंद पडल्याचं साल. लेखात दुरुस्त केलंय, आभार. पण त्याला ‘एवढंही माहीत नसणाऱ्यानं नीतीच्या गप्पा मारू नयेत’ हे शेपूट कशाला? साल चुकलं म्हणून मत चुकत नाही. आणि ‘महाशय’ हे संबोधन तुम्ही आदरापोटी वापरलंय असं मला तरी वाटलं नाही. मुद्दा असेल तर मांडा, चिमटे काढून तो मोठा होत नाही.

तुम्ही चांगले चार परिच्छेद लिहिलेत, पण माझ्या डोक्यात अडकलं ते एकच वाक्य: ‘पोट भरलं की सगळ्यांनाच उपदेश सुचतो, पैसे नव्हते तेव्हा तुम्हीही हेच केलं असणार.’

हो, केलं. लेखातही ते लपवलं नव्हतं, तुम्ही घाईत असाल. डायल-अपवर, म्हणजे घरच्या फोनलाइनवरून चालणाऱ्या इंटरनेटवर, एक गाणं उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची आणि ९६ टक्क्यांवर आलं की घरातलं कुणीतरी नेमका फोन उचलायचं. फाइलच्या नावात गायकाचा पत्ता नसायचा, साइटचं नाव मात्र ठळक. गेमच्या क्रॅकबरोबर, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालणाऱ्या प्रतीबरोबर, एक टेक्स्ट फाइल यायची. अमुक फाइल तमुक फोल्डरमध्ये टाका, अँटिव्हायरस बंद ठेवा, आणि अगदी तळाला एक ओळ: गेम आवडला तर विकत घ्या. क्रॅक करणाऱ्यालाही तेवढी लाज होती. मी ती ओळ शेकडो वेळा वाचली असेल. विकत घेतला नाही एकही.

आता तुमचं ‘पैसे नव्हते तेव्हा’. माझ्या बाबतीत ते पहिली दोन वर्षं खरं होतं. मग नोकरी लागली. पहिल्या पगारातून महागडे हेडफोन घेतले आणि त्यांवर ऐकली ती फुकटातलीच गाणी. पुढची चार वर्षं हेच. म्हणजे पोट भरल्यावर मला उपदेश वगैरे काही सुचला नाही. उलट डाउनलोड वाढले, कारण चांगलं कनेक्शन परवडायला लागलं. दुसरी हार्डडिस्क घेतली, तीही रोख पैसे मोजून. तेव्हा गरिबीची ढाल निदान माझ्यापुढे तरी धरू नका. ती कशी धरतात हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

थांबलो ते एका अल्बममुळे. एका मित्राबरोबर वाद्यसंगीताचा छोटासा अल्बम केला होता, आठ महिने रात्री जागून. विकल्या गेल्या ४१ प्रती. मग तो एका साइटवर अख्खा सापडला, कव्हरसकट. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘तिसरा ट्रॅक कंटाळवाणा आहे.’ फुकट न्यायचं आणि वर नावं ठेवायची! तिथल्या डाउनलोडचा आकडा सांगत नाही, कारण ‘त्यातल्या कुणी विकत घेतला असता?’ हे तुम्ही विचारणारच. सगळ्यांनी नसता घेतला, मान्य. पण एकानंही नसता?

माझं सोडा. २०१३ साली ‘गेम डेव्ह टायकून’ हा गेम कंपनी चालवायचा गेम बनवणाऱ्यांनी आपल्याच गेमची क्रॅक केलेली प्रत स्वतःहून नेटवर सोडली. तिच्यात खेळणाऱ्याची गेम कंपनी पायरसीपायी हळूहळू बुडायची. पहिल्या दिवशी विकत घेतलेल्या प्रती २१४, क्रॅकवाल्या ३१०४. आणि त्या ३१०४ पैकी काहीजण चक्क ऑनलाइन विचारत होते, की आमची कंपनी पायरसीनं बुडतेय, काही उपाय आहे का? यावर मी काय बोलू.

‘मूळ वस्तू मालकाकडेच राहते, मग चोरी कसली’ म्हणून तुम्ही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा निकाल दिलात. बरोबर, बेकायदा छापलेल्या रेकॉर्ड म्हणजे चोरीच्या मालाविषयीच्या तिथल्या कायद्याच्या अर्थानं ‘चोरीचा माल’ नव्हे, असंच न्यायालय म्हणालं. पण त्या रेकॉर्ड विकणारा माणूस कॉपीराइट भंगाबद्दल दोषी ठरला होता आणि ते त्या निकालानं पुसलं गेलं नाही. चोरी म्हणू नका, दुसरं काहीही म्हणा. मला शब्दावरून भांडायचं नाही. (लेखाच्या शीर्षकात ‘चोरी’ होतं, ते राहील.)

राहिलेल्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. युबिसॉफ्ट या गेम कंपनीनं २०२४ मध्ये ‘द क्रू’ या आपल्या ऑनलाइन गेमचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेणाऱ्यांच्या हातातला गेम गेला, हे खरं आहे, चीड मलाही आली. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. स्ट्रीमिंगमधून कलाकाराला चिल्लर मिळते? मिळते. तुमच्या पद्धतीनं तीही मिळत नाही.

मला ‘कंपन्यांचा दलाल’ म्हटलंत, तो शब्द काढून बाकीची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. आणि तो तिसरा ट्रॅक खरोखरच दोन मिनिटं जास्त लांबला होता. मित्र तेव्हाच म्हणत होता.