पुठ्ठ्याचं स्लाव्हिक गोत्र

भाषांच्या गमतीजमतींचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय: 'पुठ्ठ्याला सगळ्या स्लाव्हिक भाषा कार्तोन म्हणतात. म्हणजे शब्द त्यांच्या मूळ पूर्वजभाषेतला. अर्थही सगळीकडे एकच.' (स्लाव्हिक म्हणजे रशियन, पोलिश, चेक वगैरे भाषांचं कुटुंब.) वाक्यं तीन, तिन्ही चुकीची.

'सगळ्या' म्हणावं तर प्रागमध्येच अडतं. चेक आणि स्लोव्हाक लोकांचा पुठ्ठा म्हणजे 'लेपेन्का'. कागदावर कागद चिकटवून केलेला, कारण 'लेपित' म्हणजे चिकटवणं. (आपला 'लेप' आठवला ना? नातं खरंच आहे, दोन्ही एकाच इंडो-युरोपीय, म्हणजे युरोपातल्या नि आपल्या भाषांच्या सामायिक पूर्वजभाषेतल्या, धातूचे.) पोलिश लोक म्हणतात 'तेकतुरा', तो लॅटिनमधून आलेला. रशियन, बल्गेरियन, सर्बियन यांच्याकडे मात्र कार्तोनच.

आता मूळ भाषेचं. इथे उच्चारच साक्ष देतात. जुन्या स्लाव्हिकमध्ये दोन व्यंजनांच्या बेचक्यात अडकलेला 'अर' किंवा 'ओर' पुढे तसाच राहिला नाही. म्हणून रशियन 'गोरोद', सर्बियन 'ग्राद', चेक 'ह्राद' हे एकाच शब्दाचे अवतार. पाहुणे शब्दही त्या घुसळणीतून सुटले नाहीत. ८१४ मध्ये वारलेल्या शार्लमेन या फ्रँक सम्राटाचं 'कार्ल' हे नाव स्लाव्हिकांनी 'राजा' या अर्थाने उचललं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचं रशियनमध्ये 'कोरोल' झालं, पोलिशमध्ये 'क्रुल', चेकमध्ये 'क्राल'. कार्तोन तेव्हा घरात असता तर तोही कुठे 'कोरोतोन', कुठे 'क्रातोन' झाला असता. त्याच्या केसालाही धक्का लागलेला नाही, कारण तो आला ही घुसळण थंडावल्यावर कितीतरी शतकांनी. इटालियनमध्ये 'कार्ता' म्हणजे कागद, 'कार्तोने' म्हणजे जाड कागद; त्यावरून फ्रेंच 'कार्तों', आणि तिथून तो युरोपभर गेला. भित्तिचित्राचं कच्चं रेखाटन अशाच जाड कागदावर करत, म्हणून आपलं 'कार्टून'ही याच घरातलं.

अर्थाचं तर विचारूच नका. सर्बियातल्या बेलग्रेडमध्ये 'झूती कार्तोन' म्हणजे फुटबॉलच्या पंचाने दाखवलेलं पिवळं कार्ड. पोलिशमध्ये कार्तोन हा शब्द आहे, पण बहुतेकदा खोक्यासाठी (राजकारणातला खोका नव्हे). आपणही पुठ्ठा वेगळा नि खोका वेगळा म्हणतोच की. क्राकूवच्या दुकानात वहीला लावायला 'कार्तोन' मागितलात, तर दुकानदार आतून रिकामा खोका आणून देण्याचीच शक्यता जास्त.