‘वैर रक्तातच असतं’ म्हणणाऱ्यांनी मलावी बघावा

बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘संस्कृती हेच देशाचं नशीब’ असा एक मेसेज फिरतोय. सोडून दिला असता, पण एम. एस. युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाचीनं तो परीक्षेसाठी वहीत उतरवून घेतला. आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा हा, की दोन समाजांतलं वैर रक्तातच असतं, राजकारणानं ते ना पेटतं ना विझतं. साफ खोटं! अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नर यांचा २००४ सालचा अभ्यास वाचा. आफ्रिकेत झांबिया आणि मलावी यांच्यामधली सीमा इंग्रजी अमदानीत कारभाराच्या सोयीनं आखली गेली. चेवा आणि तुंबुका हे दोन्ही समाज तिच्या अल्याडपल्याड विभागले गेले. पोस्नर यांनी सीमेलगतच्या गावांत साधे प्रश्न विचारले: दुसऱ्या समाजात सोयरीक कराल का? त्यांच्या उमेदवाराला मत द्याल का? मलावीत नकार देणारे झांबियापेक्षा कितीतरी जास्त निघाले. भाषा त्याच, रीतिरिवाज तेच, पूर्वज तेच. मग फरक कशानं पडला? मलावी लहान देश. तिथे दोघांचंही संख्याबळ पक्ष उभा करण्याइतकं, म्हणून पुढारी समाजाच्या नावानं मतं मागतात. झांबियात दोघंही संख्येनं किरकोळ. सत्तेत वाटा हवा तर ‘आपण पूर्वेकडचे’ म्हणत एकत्र यावं लागतं. यात रक्त आलं कुठे?

दुसरं, म्हणे आशियाई माणसाला लोकशाही मानवत नाही. सिंगापूरचे माजी पंतप्रधान ली क्वान यू १९९४ मध्ये संस्कृतीचा असाच दाखला देत होते. त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या किम दे-जुंग यांनी लेख लिहून तो खोडला, आणि पुढे ते निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाले. तैवानही १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष थेट मतदानानं निवडतो. कोरियाच्या श्रीमंतीचं श्रेय संस्कृतीला देणाऱ्यांनी उत्तर कोरियाकडे बघावं. १९४५ पर्यंत देश एकच होता.

एक मात्र नाइलाजानं मान्य करतो, संस्कृतीचा जाच खरा असतो. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. महाराजांचा पाठिंबा असूनही गावाची रीत वरचढ ठरली. पण ती रीत नशीब मानून ते बसले नाहीत. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम १७ घटनेत आलं, आणि मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते. मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशोबानं तर हे घडायलाच नको होतं.