दुसरा कोस वेठीचा नाही

नाताळच्या आधीपासून जालन्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘खरा विश्वासणारा कुणालाच नाही म्हणत नाही. सीमा आखणं ही स्वार्थी जगाची शिकवण. प्रभू येशूनं कुणाला निराश केलं नाही, दुसरा गाल पुढं करायला, दोन कोस चालायला, एकमेकांची ओझी वाहायला सांगितलं.’ पाठवणारी माणसं आपलीच, भाव चांगला. पण हा मेसेज वाचून महिला मंडळातली एक बहीण रडली, म्हणून लिहिते.

‘कुणाला निराश केलं नाही’? बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय काढा. कफर्णहूमात सगळं गाव दाराशी जमलेलं. पहाटे अंधारातच प्रभू एकटा रानात प्रार्थनेला गेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाला. तरी प्रभू म्हणाला, चला, जवळच्या दुसऱ्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच निघालोय. दाराशी थांबलेल्यांची निराशा झालीच असणार.

गालाचं म्हणाल, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा अध्याय १८ वाचा. महायाजकापुढं शिपायानं चपराक मारली, तेव्हा प्रभूनं सरळ विचारलं, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? सूड घेतला नाही, पण मुकाटही राहिला नाही. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला ‘दुसरा गाल’ सांगून परत धाडणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

आता कोस. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. प्रभू म्हणाला, कुणी तुला वेठीला धरून एक कोस चालायला लावलं, तर त्याच्यासोबत दोन कोस जा. तेव्हा रोमी शिपाई असं वाटेतल्या माणसाला धरायचे. आपल्या मराठी बायबलात शब्द आहे ‘वेठ’. कुरेने गावच्या दुसऱ्या एका शिमोनाला प्रभूचा क्रूस वाहायला धरलं तीही वेठच. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडं एकच क्रियापद आहे. हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आमच्या पणजोबांनी निजामाच्या राज्यात वेठ केली. बोलावणं आलं की हातातली भाकर टाकून निघायचं, नाही म्हणायची सोयच नव्हती. पहिला कोस असा दुसऱ्याच्या जोरावरचा. दुसरा मात्र चालणाऱ्याच्या मर्जीचा, तिथं शिपायाचा हुकूम संपतो. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याचा दुसरा कोस कधी सुरूच होत नाही. तो कितीही चालला तरी वेठच. प्रेषित पौलही करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अध्याय ९ मध्ये लिहितो की द्यायचं ते खुशीनं, भरीस पडून नव्हे.

राहिली ओझी. पौलाच्या गलतीकरांस पत्रात ६:२ मध्ये एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच ओव्या पुढं, ज्यानं त्यानं आपला भार वाहावा. ग्रीकमध्ये शब्द वेगळे: पहिला ‘बारोस’, जड ओझं, दुसरा ‘फोर्तियोन’, ज्याचं त्यानं न्यायचं गाठोडं.

रडलेल्या बहिणीनं असंच दुसऱ्याचं गाठोडं उचललं होतं. ‘बहीण म्हणून’ तिनं एकाच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन दिला. तो हप्ते भरेना. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आता वसुली तिच्या पगारातून. बायबलातलं नीतिसूत्रे २२:२६-२७ हेच बजावतं: जामीन राहू नकोस, फेडायला नसेल तर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील.

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावानंही जामिनाचा फॉर्म आणला. मी सही केली नाही. त्याच्या लेकराची फी मात्र भरली, ती परत मागणार नाही. तो अजून बोलत नाही. मला वाईट वाटतं, रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते. पण फॉर्म पुन्हा आणला तरी सही करणार नाही.