पाण्याने धुतलेलं पेट्रोल आणि काकांची जुनी यामाहा आरएक्स 100

'जुन्या गाडीचा कार्बोरेटर सारखा तुंबतो? दोष इथेनॉलचा, मायलेज निम्मं त्यानेच. पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवा, वरचं शुद्ध पेट्रोल टाकीत ओता. जेट (कार्बोरेटरमधला बारीक भोकाचा भाग, ज्यातून पेट्रोल येतं) तारेने मोकळा करा. टाकीत ग्लासभर रॉकेल टाका.' हा मेसेज फिरत फिरत नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या काकांकडे आला आणि त्यांनी गॅलरीत पाच लिटरचा कॅन मांडला. शेजारी गॅस गिझर!

पाणी घातलं की इथेनॉल त्यात उतरून तळाशी जातं, हे खरं. त्या मेसेजला लोक भुलतात ते यामुळेच. पण पाच लिटर ई20 मध्ये (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) लिटरभर इथेनॉलच असतं. पैसे पाचचे, हातात चार. शिवाय ऑक्टेन, म्हणजे इंजिन ठोकू न देण्याची पेट्रोलची ताकद, वाढवायचं काम इथेनॉल करतं. ते काढलं की उरलेलं पेट्रोल हलक्या प्रतीचं, चढावर इंजिन ठोकणारच. 'वरचं' ओतताना खालचं थोडं तरी येतंच. ते टाकीच्या तळाशी बसतं, पत्रा आतून गंजतो, आणि कॉक रिझर्व्हला फिरवला की आधी तेच कार्बोरेटरच्या वाटीत. म्हणजे नसलेला कचरा आपणच आणून घातला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत गिझरपर्यंत पोचते, ते वेगळंच. आणि तळाचं पाणी ओतणार कुठे? मोरीत, म्हणजे नासर्डी नदीत, म्हणजे गोदावरीत.

मायलेज निम्मं? नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात ई10 ला जुळवलेल्या जुन्या दुचाकींसाठी ई20 मुळे 3 ते 4 टक्के घट दिलीय. काकांची गाडी त्याहूनही जुनी, थोडी जास्त धरा. निम्मं नाही. जुने रबरी पाइप आणि सील इथेनॉलने फुगतात, तडकतात, हे मात्र मान्य. मग ते बदला ना!

जेट पितळेचा, मऊ. तारेने भोक वाढलं की मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त, प्लग काळा. स्प्रे क्लीनर मारा, कॉम्प्रेसरची हवा मारा, बस.

चोकवर चालते आणि चोक सोडला की बंद पडते? बहुतेक वेळा पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारा छोटा जेट) तुंबलेला असतो. तो खोलण्याआधी कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत धरा, उघड्यावर. तळाला मण्यांसारखे थेंब दिसले तर ते पाणी. वाटी आणि टाकी दोन्ही रिकामी करा. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून वाटी कोरडी करून ठेवा.

रॉकेलने काही साफ होत नाही, धूर तेवढा वाढतो.